आधी भिंतीवरची खूण, मग आराखडा

हवामान बदलासाठी शहराचा आराखडा करायचाय, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, मागच्या पुरात पाणी कुठवर चढलं याच्या खुणा केल्यात का? नगरपालिकेच्या गटारांच्या कामावर माझी तीस वर्षं गेली. एकदा आमच्याकडे सल्लागाराचा जाडजूड अहवाल आला. त्यात सगळ्या जगाचं तापमान होतं, आमच्या नाल्याचं नाव मात्र एकदाही नव्हतं.

तेव्हा सुरुवात अशी करा. पाऊस ओसरला की भिंतीवरचा ओला पट्टा वाळायच्या आत टेप आणि ऑइल पेंटचा डबा घेऊन निघा. वॉर्डातला मुकादम सोबत हवाच. कुठलं चेंबर आधी उसळतं हे त्याला पाठ असतं. प्रत्येक खुणेशेजारी तारीख रंगवा, जमिनीपासूनची उंची वहीत टिपा. दोन-तीन पावसाळे हे केलंत की हाती जो नकाशा येतो, तो विकत मिळत नाही.

मग हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० मिलिमीटर पडला तर एका हेक्टरवर ५ लाख लिटर. बागेत त्यातलं बरंचसं मुरतं, काँक्रीटवरून जवळजवळ सगळं धावतं. आपली गटारं मात्र बागा होत्या तेव्हाची, आणि पावसाचे तक्तेही तेव्हाचेच. हवा १ अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून आता सर आली की कोसळते. हवामान खात्याकडून आकडे मागाल तर तासातासाचे मागा. १०० मिलिमीटर दिवसभर रिमझिमला तर काही बिघडत नाही, दोन तासांत पडला की दुकानं बुडतात.

गटार मोठं करणं हा एकच उपाय नव्हे. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर २०१२ च्या आराखड्यात काही रस्ते पाणी वाहून न्यायला आणि काही बागा पाणी थोपवायला ठरवल्या गेल्या. लहान शहरानं निदान खेळाचं मैदान फूटभर खोल ठेवावं. ते चार तास बुडालं तर कुणाचं काही जात नाही. मी उलटं केलं होतं. ट्रकांवर ट्रक मुरूम टाकून मैदान उंच करून घेतलं, आणि पुढच्याच पावसात तिथलं पाणी शेजारच्या वस्तीत शिरलं. त्या बिलावर सही माझी आहे.

रस्त्यांचंही तेच. जुना थर खरवडून न काढता वर डांबर ओतत गेलं की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो. प्रत्येक कामाच्या फाइलवर एक प्रश्न सक्तीचा करा: या कामानंतर पाणी कुठे जाईल? वेगळा निधी येईल म्हणून थांबू नका, रस्ते तसेही खणले जातातच.

उन्हाचा कागद वेगळा. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसं गेली. २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा झाला. त्याचा गाभा साधा होता: अंदाज आला की कुणी कुणाला कळवायचं आणि दवाखान्यांनी काय तयार ठेवायचं. तुम्हीही तापमानाचा आकडा लिहा, त्यापुढे काम, वेळ आणि पद. माणसाचं नाव नको, बदल्या होतात. रात्रीचं तापमानही बघा. पत्र्याच्या घरात रात्रभर अंग निवलं नाही तर सकाळी माणूस दमलेलाच उठतो. पत्र्यांना पांढरा रंग आणि सफाई कामगारांची पाळी पहाटे, ही दोन कामं या उन्हाळ्यातच होऊ शकतात. झाडं लावा, पण तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पाणी घालायची तरतूद नसेल तर खड्डे खणू नका.

शेवटी रंगीत तालीम. पावसाळ्याआधी एकदा रात्री दोन वाजता फोन करून विचारा, पंपाच्या खोलीची किल्ली कुठे आहे? मी विचारलं होतं. किल्ली कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे. तेव्हापासून एक किल्ली पंपाशेजारी राहणाऱ्या वॉचमनकडे असते.