बर्फ ते वाफ : तापमानाचा आलेख सपाट कसा आणावा

बर्फ तापवत न्यायचा, दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपायचं आणि आलेख काढायचा. प्रयोग एवढाच. आलेखाला जिन्यासारखा आकार यायला हवा : चढ, सपाट, चढ, पुन्हा सपाट. पदार्थाची अवस्था बदलते ती सपाट भागात, आणि नेमके तेच भाग बहुतेकांच्या वहीत तिरके येतात.

सामानाचं फार काही नाही. जाड बुडाचं भांडं, लाकडी चमचा आणि −१० ते ११० अंश सेल्सिअसचा तापमापक. ताप बघायचा थर्मामीटर वापरू नका. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो, उकळत्या पाण्यात फुटेल.

बर्फ भरा, पहिली नोंद घ्या. फ्रीजरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. हा पहिला चढ निसटला तरी बिघडत नाही.

आता वितळण्याचा टप्पा. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथंच. बर्फाचे अख्खे तुकडे टाकले की ते वर तरंगतात, खाली साचलेलं पाणी मात्र मुकाट तापत राहतं. तापमापक तळाशी असेल तर ५-६ अंश दाखवतो आणि बर्फ तर वर दिसतोच आहे! मग लोक ठरवतात की पुस्तकातलं शून्य अंश खोटं. पुस्तक बरोबर आहे, मांडणी चुकली आहे.

म्हणून बर्फाचा चुराच घ्या. बुडेल एवढं गार पाणी घाला. आच अगदी मंद. तापमापकाचा फुगा चुऱ्याच्या मधोमध ठेवा. तळाला किंवा कडेला टेकला तर ती नोंद भांड्याची, पाण्याची नव्हे. आणि ढवळत राहा, थांबू नका. ‘ढवळल्यानं उष्णता मिळते, म्हणून ढवळू नका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा. हातानं ढवळून मिळणारी उष्णता आचेपुढे नगण्य असते. न ढवळल्यानं होणारी चूक मात्र कित्येक अंशांची असते.

हे जमलं की पारा शून्यावर जो बसतो तो हलत नाही. खालून आच सतत चालू, मग ती उष्णता जाते कुठं? तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचं, म्हणजे हालचालीच्या ऊर्जेचं, माप आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या आकर्षणानं, जखडलेला असतो. वितळताना येणारी ऊर्जा ही पकड सैल करण्यात खर्ची पडते, रेणूंचा वेग वाढवण्यात नाही. वेग नाही वाढला तर तापमान कशानं वाढणार? एक ग्रॅम बर्फाला यासाठी सुमारे ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. या लपलेल्या उष्णतेचा, म्हणजे अप्रकट उष्म्याचा, छडा स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास लावला.

‘बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य कुठं वाचलं असेल तर विसरा. आकर्षण मोडायला ऊर्जा द्यावी लागते. बाहेर पडते ती रेणू पुन्हा जवळ येताना.

शेवटची नखाएवढी कपची उरेपर्यंत पारा शून्याच्या आसपासच राहतो. ती वितळली की थोड्याच वेळात तो वर सरकू लागतो. हा क्षण चुकवू नका, वेळ लिहून ठेवा.

पाणी तापू द्या. आच वाढवा, नोंदी घेत राहा.

उकळी. इथं सपाट भाग आपसूक येतो. आच वाढवून बघा : वाफ जास्त होईल, तापमान तेच राहील. ते १०० नसलं तरी हट्ट करू नका. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो. ९७ दिसले तर ९७ लिहा. बुडबुड्यांत हायड्रोजन किंवा ऑक्सिजन नसतो, पाण्याचीच वाफ असते. रेणू फुटत नाहीत, एकमेकांपासून सुटतात.

मात्र पूर्ण सुटायचं म्हणजे खर्च मोठा. ग्रॅममागे सुमारे २२६० ज्यूल, वितळण्याच्या जवळजवळ सातपट. पकड किती घट्ट आहे ते हायड्रोजन सल्फाइडशी ताडून बघा. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जड, तरी तो −६० अंशांनाच उकळतो, कारण त्याच्या रेणूंमध्ये असे मजबूत हायड्रोजन बंध नसतात.

तापमापक हातात धरून उकळत्या भांड्यावर वाकू नका, दोऱ्यानं टांगा. वाफ त्वचेवर पाणी होताना तेच २२६० ज्यूल तिथं सोडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट बसतो. पाणी निम्मं उरलं की आच बंद करा. फुगा उघडा पडल्यावरच्या नोंदी आलेखात घेऊ नका.