दोन लहान विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

रस्त्याचे किलोमीटर पाहून विमानाच्या वेळेचा अंदाज बांधू नका. विमानाचं अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून, सर्वांत जवळच्या वाटेनं मोजतात.

आधी गावाचं नाव बाजूला ठेवून विमानतळाचा कोड शोधा, कारण एकाच नावाची गावं अनेक असतात. तिकिटावर असतो तो तीन अक्षरी आयएटीए कोड. काही लहान विमानतळांना तो नसतोच, तिथे चार अक्षरी आयसीएओ कोड पाहा. कोडवरून अक्षांश-रेखांश सापडतात. ते उतरवताना डोळ्यांत तेल घाला: १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. या एका चुकीनं २२ किलोमीटरचा फरक पडतो.

आता अंतर. समजा, एक विमानतळ २० उत्तर, ७३ पूर्व आणि दुसरा १८ उत्तर, ७६ पूर्व. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणून २ अंशांचे २२२. रेखांश मात्र ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून तिथे मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. १९ अंशांचा कोसाइन ०.९५, म्हणजे ३ × १११ × ०.९५ = ३१६. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की येतात सुमारे ३८६ किलोमीटर. काहीशे किलोमीटरपर्यंत हे गणित पुरतं. अंतर त्याहून मोठं असेल तर हॅवरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढणारं) वापरा, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून. उत्तर सागरी मैलांत आलं, तर १.८५२ नं गुणा.

वेळ काढताना विमान कोणतं आहे ते आधी पाहा. लहान मार्गांवर बहुधा एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान असतं, वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. जेटचे ८०० धरून काढलेला वेळ इथे फसवा ठरतो. ३८६ भागिले ५०० म्हणजे ४६ मिनिटं. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर ५१, पाठीमागून असेल तर ४२.

पण वर चढणं, खाली येणं, धावपट्टीच्या दिशेनं वळसा घेणं, जमिनीवर सरकणं यांची मिनिटं अंतर कमी झालं म्हणून फारशी घटत नाहीत. छोट्या उड्डाणात तीच डोईजड होतात. मी त्यासाठी २० ते २५ मिनिटं वाढवते. म्हणजे आपलं उत्तर साधारण १ तास १० मिनिटं. वेळापत्रकातला वेळही विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचाच असतो. त्यातल्या वेळा स्थानिक असतात. दोन ठिकाणांची घड्याळं वेगळी असतील, तर दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून मगच वजाबाकी करा.

शेवटी थेट विमान आहे का, ते तपासा. लहान विमानतळांची जोडी असेल तर बहुतेक वेळा नसतं. मग मोठ्या विमानतळापर्यंतचं आणि तिथून पुढचं अशी दोन अंतरं वेगळी काढा आणि मधला थांबा मिळवा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा जमा करण्याचा वेळही त्यातच धरा.