‘टँक’ शब्दाचा अर्थ लावताना या चुका टाळा

इंग्रजी ‘टँक’ हा शब्द आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे की त्यासाठी शब्दकोश उघडावा असे सहसा कोणाला वाटत नाही, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. विदर्भातील सिंचनावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील ‘मालगुजारी टाक्या’ गाळाने भरल्या आहेत आणि त्यांतील मासेमारी घटली आहे, असे त्यात लिहिले होते. त्या भागात भाताला पाणी देणारे जे जुने बांधीव तलाव आहेत, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातील) तलाव म्हणतात, त्यांच्याविषयी मूळ लेख होता.

आजचा अर्थ जुन्या किंवा भारतीय इंग्रजीवर लादणे, ही सर्वांत मोठी चूक. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेले इंग्रज ‘टँक’ म्हणत ते तळ्याला, कुंडाला, पुष्करणीला. आणि ही रूढी भारतीय इंग्रजीत अजून टिकून आहे. मुंबईत तर ती नकाशावरच दिसते. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव इंग्रजीत ‘बाणगंगा टँक’ असतो. गिरगावकर ज्याला सी. पी. टँक म्हणतात, त्या नावात कावसजी पटेलांचा तलाव दडलेला आहे. 8 ऑगस्ट 1942 रोजी जिथे ‘छोडो भारत’चा ठराव झाला, त्या गवालिया टँकवर एके काळी गुरे धुण्याचा तलाव होता. बाणगंगा आजही आहे; बाकीचे दोन तलाव बुजवले गेले, नावे मात्र राहिली. म्हणून गॅझेटिअर किंवा प्रवासवर्णन वाचताना पायऱ्या, घाट, बांध, मासे यांपैकी काही जवळपास आले आहे का, हे आधी पाहावे. आले असेल तर ‘टाकी’ लिहू नये.

याला लागूनच एक व्याकरणाची चूक आहे, आणि ती मला विशेष खटकते. किल्ल्यांवर आणि लेण्यांत खडक खोदून पाणी साठवलेले असते ते ‘टाके’, नपुंसकलिंगी. त्याचे अनेकवचन ‘टाकी’. शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी आहेत. गच्चीवरची असते ती स्त्रीलिंगी टाकी, आणि तिचे अनेकवचन ‘टाक्या’. ‘गडावर पाण्याच्या टाक्या आहेत’ असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर कातळात कोरलेल्या पाण्याऐवजी नळ जोडलेले पिंप उभे राहते.

‘टाके’ आणि ‘टँक’ यांच्या साम्यावरून ‘टँक हा शब्द इंग्रजांनी मराठीतून उचलला’ असे ठामपणे सांगितले जाते. अभिमान समजण्यासारखा आहे, पण विधान अर्धेच आहे. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ या भारतीय इंग्रजी शब्दांच्या कोशाने हा शब्द दुहेरी उगमाचा, म्हणून कोड्यात टाकणारा, असल्याचे नोंदवले आहे. एका बाजूला गुजराती-मराठीतील टाके; दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज ‘तांके’, ज्याचा संबंध पाणी अडवणे या अर्थाच्या ‘एस्तांकार’ या क्रियापदाशी जोडला जातो. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांच्या आधीपासून पोर्तुगीज होते, त्यामुळे दोन्ही शब्द इंग्रजांच्या कानांवर पडत होते. लिहिताना दोन्ही उगम सांगावेत. एकच निवडून दुसरा गाळू नये.

रणगाड्याला ‘टँक’ का म्हणतात, याचे उत्तर त्याच्या आकारात शोधणे हीसुद्धा चूकच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने हे वाहन अत्यंत गुप्तपणे तयार केले. इंग्लंडमधील लिंकन येथील कारखान्यात त्याचा सांगाडा घडत असताना पाणी वाहण्याचे काहीतरी तयार होत आहे, असा समज मुद्दाम पसरवण्यात आला. ‘वॉटर कॅरिअर’ हे नाव सुचले होते, पण त्याचे संक्षिप्त रूप ‘डब्ल्यू. सी.’ (म्हणजे शौचालय) होत असल्याने ते बाजूला पडले आणि 1915 च्या डिसेंबरात ‘टँक’ ठरले. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत ही वाहने प्रथम रणांगणावर उतरली, आणि आडपडदा म्हणून घेतलेले नाव कायमचे चिकटले. त्यामुळे 1915 च्या डिसेंबरआधीच्या कागदपत्रांत लष्करी छावणीजवळ ‘टँक’ आढळला, तर तो रणगाडा असू शकत नाही.

क्रियापदाबद्दल थोडक्यात. ‘शेअर टँक झाला’ याचा अर्थ भाव जोरात कोसळला असा आहे, साठा झाला असा नाही. आणि टेनिसमध्ये सामना ‘टँक करणे’ म्हणजे तो जाणूनबुजून हरणे.

विदर्भाच्या त्या अनुवादात मी सगळीकडे ‘तलाव’ केले. गावच्या नळयोजनेच्या परिच्छेदातील सिमेंटची उंच टाकी तेवढी टाकीच ठेवली.