पान उलटण्याआधी कुंडीकडे बघा

धनकवडीतल्या आमच्या बालवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. दिवाळीची सुट्टी संपली की मी बागेवरचं चित्रपुस्तक बाहेर काढते, ते थेट मार्चपर्यंत चालतं. दहा मिनिटांत वाचून संपेल असं ते पुस्तक आहे. पण मी एक पथ्य पाळते: पुस्तकाला कुंडीच्या पुढे पळू द्यायचं नाही. पानावर अंकुर असेल तर कुंडीत अंकुर येईपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही. घरी एकच मूल असलं तरी हे सहज जमतं.

पुस्तक निवडताना एकच रोप बीपासून पुन्हा बीपर्यंत जातंय ना, ते बघा. परदेशी पुस्तकांतली चित्रं सुंदर असतात, पण त्यांत बर्फ वितळल्यावर पेरणी होते. पुण्यात मेथी थंडीतच जोमानं येते. मुलाला चित्र आणि खिडकीतली कुंडी शेजारी ठेवून बघता आली पाहिजे, म्हणून मंडईत मिळणाऱ्या भाजीचं पुस्तक बरं. विकत घ्यायचं नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, छापूनही घेता येतात.

पहिल्या दिवशी मात्र पुस्तक एका दमात वाचून दाखवा. मध्येच थांबून ‘हे काय आहे, सांग बरं’ असं विचारू नका. गोष्ट आधी आवडू दे. दुसऱ्या दिवसापासून एकेक पान घ्या आणि ‘इथे काय चाललंय?’ एवढंच विचारून गप्प बसा. ‘हे काय आहे’ला मूल एका शब्दात उत्तर देतं, ‘काय चाललंय’ला वाक्य येतं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये चित्रपुस्तकं वाचण्याच्या अशाच पद्धतीवर शोधनिबंध लिहिला होता. त्यात हळूहळू मूल सांगणारं होतं आणि मोठी माणसं ऐकणारी. वर्गात हे घडताना मी बघते, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

आता पेरणी. मी मेथीच घ्या म्हणते, कारण ती तीन-चार दिवसांत वर येते. धने आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त घेतात आणि तोवर मुलांनी कुंडी उकरून पाहिलेली असते. बी घरच्या डब्यातलंच घ्या. पाकिटातल्या बियांना पुष्कळदा बुरशीनाशक लावलेलं असतं, त्या गुलाबी किंवा निळसर दिसतात. मुलांचे हात तोंडात जातात, तेव्हा तसल्या बिया त्यांच्या हाती देऊच नका. मेथी रात्रभर भिजवा. पसरट कुंडीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्यात माती आणि शेणखत भरा, बी पसरा आणि वर नखभर मातीचा थर द्या.

पाणी घालायला प्रत्येक मुलाला हवं असतं. बाटलीच्या झाकणाला दाभणानं भोकं पाडा (हे काम मोठ्यांनीच करायचं) आणि रोज एकाचीच पाळी लावा. पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी कुजून मान टाकतात.

उन्हाचं पान येण्याआधी एक प्रयोग जरूर करा. दोन डब्यांत मेथी पेरा, एक खिडकीत ठेवा आणि एक कपाटात. अंधारात बी उगवेल का, असं विचारलं की जवळजवळ सगळी मुलं ‘नाही’ म्हणतात. चार-पाच दिवसांनी कपाट उघडलं की तिथली रोपं उंच, पांढुरकी आणि लुळी निघतात. उगवायला बीमधला साठा पुरतो. हिरवं व्हायला आणि पुढे वाढायला उजेड लागतो. त्यानंतर सूर्याचं चित्र मुलं वेगळ्याच नजरेनं बघतात.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो अंकुराच्या पानाला. आमच्या पुस्तकात अंकुराला सुरुवातीपासून तीन पानं काढलेली आहेत. मेथी उगवते तेव्हा तिला असतात दोनच, जाडसर आणि लांबट गोल, आणि बऱ्याचदा टोकावर बीचं साल अडकलेलं असतं. ते गळून पडलं तेव्हा चार वर्षांची एक मुलगी म्हणाली, “ताई, मेथीनं टोपी काढली!” मग येतं एक सुटं पान. ओळखीची तीन-तीन पानं त्याच्यानंतर. ‘पुस्तकात तीन आहेत, आपल्याकडे दोनच का?’ हा प्रश्न मुलांनी विचारला की उत्तर देऊ नका. “रोज मोजू या,” म्हणा. मग मोजणं पाठ करून घ्यावं लागत नाही. जे दिसलं त्याचं चित्र मुलांना काढू दे, खाली त्यांचंच वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा आणि तो कागद पुस्तकाच्या त्या पानाला क्लिपनं लावा.

मुळांच्या पानासाठी आपली रोपं उपटायची गरज नाही. मंडईतून मुळांसकट मेथीची जुडी आणा आणि परातीत पाण्यात हलवून माती सुटू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं ते बिया, पानं, खडे अशाच साधनांवर. परात आणि जुडी यांना तोड नाही.

तीन-चार आठवड्यांनी मेथी कात्रीनं कापा, ठेपले करा. निवडायला मुलांना बसवा, मोठ्यांपेक्षा ती मन लावून निवडतात. चार-पाच रोपं मात्र राखा. त्यांना पिवळट पांढरी फुलं येतात, मग लांब बारीक शेंगा. शेंग वाळली की मुलांकडूनच फोडून घ्या आणि शेवटचं पान त्याच दिवशी वाचा.

जूनमध्ये सुरुवात करणार असाल तर मेथी नको, सततच्या पावसात ती सडते. त्याऐवजी मका आणि राजमा शेजारी शेजारी लावा. मक्याचा कोंब टोकदार, एकाच पानाचा वर येतो. राजमा स्वतःची दोन जाड दलं मातीतून उचलून वर आणतो. पुस्तकातला अंकुर या दोघांपैकी कोणासारखा, ते मुलांनाच ठरवू दे. आमच्याकडे यावरून चांगलं भांडण होतं, आणि ते मी सोडवत नाही.