हुकूमनामा हातात आला, आता वसुली कुठून?

ऋणकोकडे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा (डिक्री) झाला त्याच्याकडे, काय आहे ते न्यायालय शोधून देत नाही. जप्त करायच्या मिळकतीचं वर्णन दरखास्तीत (वसुलीच्या अर्जात) डिक्रीदारानेच, म्हणजे हुकूमनामा मिळवणाऱ्याने, द्यायचं असतं. दरखास्तीला मुदत 12 वर्षांची असली तरी 2 वर्षं उलटली की आधी ऋणकोला नोटीस काढावी लागते (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 21, नियम 22), आणि तेवढ्यात माल हलतो. म्हणून आळस नको.

सुरुवात महाभूलेखवर, म्हणजे सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर. गावात नावाने शोधून 8-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा, मग प्रत्येक गटाचा सातबारा. 'इतर अधिकार' रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल, तर ऋणकोचं खातं बहुधा तिथेच असतं. फेरफारही (हक्क बदलल्याच्या नोंदी) वाचा. दावा लागल्यावर भावाला हक्कसोडपत्र किंवा बायकोला बक्षीसपत्र झालं असेल, तर वकिलाला तारखा दाखवा.

मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात सातबारा बघून हुरळू नका. एकेका उताऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली काही मंडळी हयातही नाहीत. जप्त होतो तो ऋणकोचा अविभक्त हिस्सा. लिलावात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही (कूळकायदा, कलम 63), त्यामुळे बोली लावणारे मोजके. शेतकरी स्वतः राहतो ते घर तर जप्तीतून सुटतंच (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 60).

त्यापेक्षा आंब्याच्या हंगामाचे पैसे गाठा. रक्कम 30 दिवस थकली की आदेश 21 च्या नियम 41 खाली मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागता येतं. आदेश होऊनही दिलं नाही तर 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तोंडी तपासणीत 'उत्पन्न किती?' विचारलंत, तर 'यंदा मोहोर जळला' एवढंच ऐकाल. मागच्या दोन हंगामांच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) हजर करायला लावा. पट्टीवर दलालाचा बाजारातला गाळा, पेट्या, दर आणि वजा केलेली उचल (बागायतदाराने आगाऊ घेतलेले पैसे), सगळं असतं. बाग कराराने दिली असेल, तर करारदाराकडचं येणंही विचारा.

मग दलालाकडच्या येण्यावर जप्ती आणि नियम 46-अ ची नोटीस (ते पैसे न्यायालयात भरा, असं दलालाला सांगणारी). उचल विक्रीपेक्षा मोठी असेल तर हाती काही लागत नाही, म्हणून पट्टी आधी नीट वाचा. गाळा नवी मुंबईच्या वाशी बाजारात असेल तर संहितेच्या कलम 46 चं प्रिसेप्ट (दुसऱ्या न्यायालयाला जप्ती करायला सांगणारं पत्र) तिथल्या न्यायालयाकडे पाठवायला सांगा. ही जप्ती 2 महिनेच टिकते. त्याआधी मुदत वाढवून घेतली नाही, किंवा हुकूमनामा तिकडे वर्ग करून पुढचा अर्ज दिला नाही, तर ती उठते.