प्रोपेनवर घेतलेला ट्रक चढाला दम सोडायचा, त्याचा इलाज

जुन्या ट्रकचं कार्ब्युरेटरवालं पेट्रोल इंजिन प्रोपेनवर करून घेतलं. रिकामी गाडी मस्त पळायची. माल भरून चढाला लागली की दम सोडायची. बॉनेट उघडलं तर व्हेपोरायझरवर, म्हणजे द्रव गॅसचा वायू करणाऱ्या भागावर, पांढरं हिम! बाकी इंजिन तापलेलं आणि हा एकटाच गारठलेला.

प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, पण द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागतेच, आणि ती येते गरम कूलंटमधून. चढाला गॅस जास्त ओढला जातो, म्हणून बोंब तिथेच. फिटरने व्हेपोरायझर रेडिएटरच्या टोपीपेक्षा उंच बसवला होता. हवा वर जाऊन त्यातच अडकायची, पाणी फिरायचंच नाही. ब्रॅकेट खाली घेतला. मग इंजिन थंड असतानाच टोपी काढली, स्टार्ट केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहिलो. आता व्हेपोरायझरचे दोन्ही होज हाताला गरम लागतात.

स्पार्क प्लगचा गॅपही थोडा कमी केला. प्रोपेनमध्ये ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप कमी असला की ती सहज उडते. ॲव्हरेज मात्र पडणारच, कारण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम पाऊणपट. त्याला इलाज नाही, किटवाले काहीही सांगोत.

जोडकाम उघडलं की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून गळती बघा, तेही उघड्यावर. हा गॅस हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचून राहतो. आणि टाकी ८० टक्क्यांच्या वर भरायची नाही.