प्रगत स्तनकर्करोगात रक्ताचे अहवाल कसे वाचावेत: सोलापूरच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी

गाठीची तपासणी सोलापुरात, किमो बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा पुण्यात आणि दुसरे मत मुंबईत, अशी वाट चालणाऱ्या घरांमध्ये रिपोर्टची जाड फाइल असते. आजार हाडे, यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचल्याचे कळले, की या फाइलमधल्या आकड्यांतून आता किती आयुष्य उरले आहे याचे उत्तर शोधले जाते. रक्ताच्या तपासण्या त्या प्रश्नाबद्दल काही सांगतात हे खरे आहे. पण एकट्या आकड्यावरून काढलेला अर्थ बहुधा चुकतो, आणि त्या अर्थावर घरातले मोठे निर्णय घेतले जातात, म्हणून वाचण्याची पद्धत नीट समजून घेणे आवश्यक आहे.

मार्करकडे, म्हणजे कर्करोगामुळे रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या आकड्यांकडे, वळण्यापूर्वी फाइलमधला बायोप्सीचा (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा) अहवाल काढावा आणि त्यात ईआर व पीआर (कर्करोगपेशींवरील हार्मोनचे ग्राहक) आणि हर-२ (पेशींची वाढ घडवणारे प्रथिन) यांच्यापुढे काय लिहिले आहे ते पाहावे. हार्मोन-पॉझिटिव्ह (ईआर किंवा पीआर असलेला) आजार केवळ हाडांत असलेली स्त्री आणि ट्रिपल निगेटिव्ह (या तिन्हींपैकी काहीच नसलेला) आजार यकृतात गेलेली स्त्री यांच्या सीए १५-३ या मार्करचा आकडा एकच असला, तरी त्यांची पुढची वाटचाल सारखी नसते. आजार कोणत्या अवयवांत आहे, आधी किती प्रकारचे उपचार होऊन गेले आणि रुग्ण दिवसभरात स्वतःची कामे किती करू शकते, या तीन गोष्टी फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवाव्यात, कारण रक्ताचा प्रत्येक आकडा त्यांच्या शेजारी ठेवूनच वाचायचा असतो.

सीए १५-३ आणि सीईए हे नेहमी केले जाणारे मार्कर होत. उपचार सुरू होताना ते बरेच वाढलेले असणे आणि पुढे सतत चढत राहणे ही आजार जोरात असल्याची खूण मानली जाते. मात्र काही रुग्णांमध्ये आजार पसरूनही ते वाढतच नाहीत. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची यंत्रे आणि रसायने वेगळी असल्यामुळे सोलापूरच्या लॅबमधला आकडा मुंबईच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. म्हणून शक्यतो एकच प्रयोगशाळा धरावी, आणि एका कागदावर तारीख, लॅबचे नाव, आकडा व त्या वेळी चालू असलेले औषध अशा चार रकान्यांत नोंद ठेवावी. एका वेळच्या चढ-उतारापेक्षा सलग काही तपासण्यांतून दिसणारी दिशा महत्त्वाची असते.

दिशा पाहतानाही काही ठिकाणी थांबावे लागते. नवे औषध सुरू झाल्यानंतर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत, औषध लागू पडत असतानासुद्धा मार्कर तात्पुरता उसळू शकतो. त्या काळात घाबरून औषध बदलण्याचा आग्रह धरू नये. यकृताच्या इतर आजारांत आणि बी-१२ च्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयातही सीए १५-३ वाढते, तर धूम्रपान करणाऱ्यांमध्ये सीईए मुळातच थोडे जास्त असते. किमोनंतर केस लवकर यावेत म्हणून अनेक स्त्रिया बायोटिनच्या गोळ्या घेतात. त्यांचा मोठा डोस काही यंत्रांवरील मार्करचा आकडा खोटा कमी दाखवू शकतो, म्हणून अशी गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगावी.

माझ्या मते ज्यांच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते साधे आणि स्वस्त अहवाल होत. एलडीएच (पेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढलेले असणे, अल्ब्युमिन (यकृतात बनणारे रक्तातील प्रथिन) कमी असणे आणि हिमोग्लोबिन उतरलेले असणे यांचा संबंध कमी आयुर्मानाशी अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि अल्ब्युमिनमधून शरीराची झीज व आतला दाह या दोन्हींचा अंदाज येतो. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम यकृत किंवा हाडातील आजाराने वाढते, पण हाड भरून येत असतानाही ते काही काळ वाढू शकते. तालुक्याच्या गावाहून पाठवलेल्या नमुन्यातील रक्तपेशी वाटेत फुटल्या, तर एलडीएच विनाकारण जास्त येते. अनपेक्षित आकडा आला तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे आकडे असतात; न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागले, की एक गुणोत्तर मिळते. उदाहरणार्थ, ७२ टक्के आणि १८ टक्के असतील तर ते ४ येते. हे गुणोत्तर जितके जास्त तितके भवितव्य सरासरीने कमी चांगले, असे दिसते. पण सर्वमान्य अशी सीमारेषा नाही. शिवाय किमोसोबतचे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन किंवा साधा जंतुसंसर्ग यांमुळेही ते वाढते, म्हणून त्या दिवसांतला सीबीसी या हिशेबासाठी धरू नये.

रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी मोजण्याची तपासणी महाग आहे. ७.५ मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी आढळलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. मात्र किमोच्या पहिल्या फेरीनंतर या पेशी कमी न झालेल्या स्त्रियांची किमो लगेच बदलून पाहिली, तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले नाही, असे अमेरिकेतील चाचणीत २०१४ साली दिसले. भवितव्य ओळखता येणे आणि ते बदलता येणे यांतला हा फरक पैसे खर्च करण्यापूर्वी लक्षात घ्यावा. याउलट रक्तात मिसळलेल्या कर्करोगाच्या गाठीच्या डीएनएमध्ये (ट्यूमर डीएनए) पीआयके३सीए किंवा ईएसआर१ हे जनुकीय बदल शोधल्याने हार्मोन-पॉझिटिव्ह आजारात औषध निवडायला मदत होऊ शकते. त्यामुळे ही तपासणी सुचवल्यास तिच्या निकालावरून कोणते औषध ठरेल आणि ते परवडेल का, हे आधीच विचारावे.

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. अशा नोंदींतून आणि अभ्यासांतून मोठ्या समूहाचे चित्र मिळते, आणि मार्करवरून सांगितलेले आयुर्मानही समूहाचेच असते. उदाहरणार्थ, आयुर्मानाचा मध्यांक १८ महिने आहे असे सांगितले, तर त्याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. म्हणून डॉक्टरांना नेमके वर्ष न विचारता, चांगले घडले तर किती, वाईट घडले तर किती आणि बहुतेकांचे काय होते, असे विचारावे. हे उत्तर आईला किंवा वहिनीला स्वतःला ऐकायचे आहे का, हे आधी तिलाच विचारावे. तिच्या नकळत ठरवू नये.

पाठीत नवे तीव्र दुखणे आणि पायांत अशक्तपणा, लघवी अडणे, धाप लागणे किंवा गोंधळलेले बोलणे यांपैकी काही दिसले, तर मार्करच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण मणक्यावरचा दाब किंवा वाढलेले कॅल्शियम यांवर वेळेत उपचार होऊ शकतात.